न आलेल्यांची वही

घाला हे इथल्या वस्तीचं नाव.
पहिल्या दिवशी पाटी वाचून मला हसू आलं होतं :
कोणी, कोणावर?
मस्कतच्या या टोकाला डोंगर भाजलेल्या वांग्यासारखे,
पायथ्याला टायरवाले, काँक्रीटचे कारखाने, कामगारांचे कॅम्प
आणि बॅटऱ्यांच्या दुकानावर, माडीवर,
आमचा दातांचा दवाखाना. तपासणी दोन रियाल.

चारची वेळ : यल्लय्या. खालची डावी दाढ.
साडेचार होतात.
खुर्ची आडवी पडून छत बघते.
डॉक्टर शेरीन हातमोजे काढतात,
नळ उगाच सोडतात, बंद करतात.
मी लाल पेनाने लिहिते : आला नाही.
साडेचारचा शफीकुल. आला नाही.
पाचचा डंबरबहादूर. आला नाही.
महिन्याला अशा साठ-सत्तर ओळी.
मालक म्हणाले, दंड लावू. एक रियाल.
स्वस्तात मिळतं ना, म्हणून किंमत नाही यांना.
मी मान हलवली. पगाराची तारीख जवळ होती.

मग एका रिकाम्या संध्याकाळी
वही पुढ्यात घेऊन फोन लावत बसले.
अर्धे नंबर बंद.
एक मुकादमाने उचलला. दात? कोणाचा?
इथे सगळ्यांनाच आहेत, म्हणाला, आणि ठेवला.
यल्लय्या सापडला.
त्याची हिंदी तेलुगूकडून यायची, माझी मराठीकडून,
मध्ये कुठेतरी गाठ पडली.
मॅडम, मेसेज आला होता. इंग्रजीत होता.
मला वाटलं बँकेचा.
आणि चारला मी बरक्याच्या पुलावर असतो,
बस सातला निघते,
मधूनच आलो तर दिवस कापतात.
दाढ कशी आहे?
दाढेचं काय, मॅडम. लवंग होती.
थोडं थांबून :
रविवारी रात्री पकडीने काढली. बिजेंदरने डोकं धरलं.

पेडणेकर बाई फळ्यावर वाक्य लिहीत, म्हणत, कर्ता शोधा.
आला नाही.
त्या रात्री ते वाक्य माझ्याबरोबर जेवायला बसलं.

शुक्रवारी कॅम्पातून बाजाराला बस जाते.
ड्रायव्हर गुलजमीन, दीरकडचा पठाण.
आरशात बघून त्याला कळतं
कोणाचा गाल सुजलाय, कोण रोटी एकाच बाजूने चावतो,
कोण रात्रपाळीला, कोण पुढच्या महिन्यात घरी.
माझी वही त्याच्यापुढे कोरी.
मी चिठ्ठ्या लिहून दिल्या,
त्याने त्या डोक्यावरच्या उन्हाच्या झापेत खोचल्या.
शुक्रवारी तीन ते आठ दवाखाना उघडा राहील
हे मालकांना शेरीनबाईंनी सांगितलं, मी नाही.
मेसेज आता आवाजाचे.
बंगाली बोलतो बॅटरीवाल्याचा पोरगा,
नेपाळी बोलते समोरच्या लाँड्रीतली पवित्रा,
तेलुगू, यल्लय्या स्वतः, फार मोठ्याने.
माझ्या वाट्याला पाथरीचा एकच रंगनाथ :
मी दवाखान्यातून सुवर्णा बोलतेय.
शुक्रवारी पाचला. बस खालीच थांबते.
दात घासून या. नाही घासलेत तरी या.

मागच्या महिन्यात लाल ओळी एकोणीस.
मालकांनी श्रेय दिलं दंडाला,
जो लावायचा राहूनच गेला होता.
एकोणीस जणांना मी अजून फोन करते.
एकाने सांगितलं, मॅडम, भीती वाटते, बाकी काही नाही.
ते मी लिहिलं कुठेच नाही.

काल जिन्यात गुलजमीन चिठ्ठ्या न्यायला आला.
आज रंगनाथला आठवण कर, असं काहीतरी सांगत होते,
तो मध्येच थांबला, माझ्याकडे बघत राहिला.
बहन, तू मार्चपासून उजवीकडूनच बोलतेस.
आणि गठ्ठ्यातली एक कोरी चिठ्ठी काढून
माझ्यापुढे धरली.
पेन माझ्याच कानावर होतं.